बियांचा उपास

लालबाग, मंगळवार

प्रिय सेलिना,

सहा वेळा फोन केला. पाच वेळा तू उचलला नाहीस. सहाव्यांदा तुझ्या आईने उचलला आणि "मामा, ती कामावर गेली, आता तिचा नाद सोडा तुम्ही," असं सांगून ठेवूनही दिला. तुझ्या आईपुढे, ॲन्टोनेटबाईंपुढे, मी काय बोलणार? मोबाइलवर लिहायला जावं तर माझा अंगठा भलतंच काहीतरी लिहितो. म्हणून हे पत्र. निदान पाकीट तरी फोड.

ऐकलं की तू आता रक्त तपासायच्या लॅबमध्ये बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतेस. काम कुठलंच हलकं नसतं, हे मी बावीस वर्षं कॉलेजच्या लॅबमधली भांडी धुऊन सांगतो. पण तीन वर्षं जी पोरगी भाताच्या दाण्याच्या पोटात काय चाललंय ते वाचत होती, तिने हे करावं? तुझे गाईड सर म्हणाले, "सेलिना, तुझा हात कच्चा आहे." आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, प्रयोग सोडून निघून गेलीस! अगं, भांडायचं तरी. चहात साखर कमी पडली की कँटीनवाल्याला फेस आणतेस, तेव्हा कुठून येतं तोंड? तुझ्या जागी मी असतो तर... असो. तुझ्या जागी मी नव्हतो. कुठल्या जागी होतो, तेच सांगायला बसलोय, पण हात पुढे सरकत नाही.

आधी बियाण्याचं बोलतो. माझा भाऊ धोंडू गावाला खाडीकाठच्या खाजण जमिनीत जे तांबडं भात लावतो, ते तुला मीच आणून दिलं होतं. किती आनंद झाला होता मला! आमच्या घरचं भात, आणि ते परळला काचेच्या नळ्यांत. तू पाणी उकळून गार करायचीस, नळी काठोकाठ भरायचीस, वर बुडबुडाही राहू द्यायची नाहीस, आणि बूच लावून नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवायचीस. मी विचारलं, हे कसलं गं रुजवणं? तू हसून म्हणालीस, "उपाशी ठेवलीत, मामा. तुमच्या संकष्टीसारखी." आणि कानात गाण्यांचं ते बोंडूक घालून कामाला लागलीस. कपाटावर चिठ्ठी लावलीस ती इंग्रजीत. सगळ्या लॅबला कळेल अशी, फक्त ज्याच्याकडे किल्ली असते त्याला सोडून. याचा मला अजून राग आहे.

आमच्याकडे बियाणं एक रात्र भिजवतात, सकाळी पाणी काढून टाकतात आणि गोणपाटात बांधून वर दगड ठेवतात. आत ऊब धरते आणि मोड येतात. पाण्यातच राहिलेलं बी कुजलं, असं समजायचं. हे मला पाचवीच्या आधीपासून ठाऊक. त्या संध्याकाळी लॅब बंद करताना मी कपाट उघडलं. दाण्यांना दोऱ्यासारखा पांढरा कोंब आलेला, वरवर धडपडणारा, आणि खाली मूळ नावालाही नाही. माझा सकाळपासून संकष्टीचा उपास. चंद्र दिसायला अजून दोन-तीन तास. आपण निदान चंद्राची वाट बघतो, यांनी कशाची बघायची? सगळ्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. खालच्या फळीवरच्या, दाराकडच्या चार नळ्यांतलं पाणी काढलं, बुचं उघडी ठेवली. सकाळी सातला, तू यायच्या आत, पुन्हा पाणी भरून बुचं लावून ठेवली. बाप्पाला सांगितलं, चार जीव वाचवले.

एकदा नाही, सेलिना. तीनदा. तुझ्या प्रयोगाच्या तीन फेऱ्या, तीन संकष्ट्या.

तिसऱ्या फेरीनंतर तू टेबलावर डोकं टेकून बसली होतीस. मी चहा ठेवला. तू मला पहिल्यांदाच नीट समजावलंस, बहुतेक दुसरं कोणी ऐकायला नव्हतं म्हणून. इस्पितळात वीज गेली की जनरेटरवर फक्त ऑपरेशनची खोली चालते, पंखे बंद, तसं हे बी. हवा कमी झाली आणि साखर संपली की ती भूकच आत निरोप देते. मग पिठाची साखर करणारं जनुक चालू होतं. गव्हाला हवेशिवाय हे जमत नाही, भाताला जमतं. मूळ वाढवणारी जनुकं तोवर थांबून राहतात. सगळा जोर त्या एका कोंबावर, तो हवेपर्यंत पोचेस्तोवर. "आणि माझ्या चार नळ्यांत दर वेळी मुळं कशी येतात, मामा? बंद असायला हवं ते चालू कसं? माझंच काहीतरी चुकतंय."

मी कप उचलला आणि धुवायला गेलो. तेवढंच केलं. मी त्या बियांचा उपास मोडला होता आणि तू स्वतःचे हात तपासत होतीस.

धोंडूला सांगितलं तर तो फोनवरच ओरडला, "खाजणातला भात पाण्यातूनच वर येता, इसारलंस? तुका कोणी सांगल्यान हात घालूक?" कोणी नाही सांगितलं. इतकी वर्षं देवापुढे हात जोडतो, पण ते हात कधी मागे घ्यावेत हे काही शिकलो नाही.

काल सरांना सगळं लिहून दिलं. कॅलेंडरवरच्या तिन्ही संकष्ट्यांना गोल करून तेही जोडलं. त्यांनी तुझी वही काढून तारखा आणि नळ्यांचे नंबर जुळवले. बिघडलेल्या बारा नळ्या त्याच निघाल्या. बाकी सगळ्यांचं उत्तर तिन्ही वेळा एकच आहे, पोरी. तुझा हात कच्चा नव्हता. मग वही मिटून सर म्हणाले, "तिला म्हणावं, महिनाअखेरपर्यंत नाव रजिस्टरवर आहे, एक फेरी पुन्हा करू." त्यांनी स्वतः फोन करायला हवा होता, पण माणसं अशीच. धोंडूने पाठवलेलं बियाणं तुझ्या टेबलाच्या खणात ठेवलंय, डब्यावर तुझं नाव आहे. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, पण ये. मला आजपासून ग्रंथालयात टाकलंय. कपाटाची किल्ली आता माझ्याकडे नाही.

तुझ्यावर चिडलेला, आणि तरी तुझाच,
गणपत मामा