तुळसाच्या दाताचा जोड

प्रिय भार्गवी,

काल तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हटलं. ते खरं नव्हतं. पण फोनवर तू 'आई, थांब गो जरा' म्हणतेस आणि मी थांबते, मग सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. शेजारची दिव्या उद्या सकाळच्या गाडीने कुडाळला येते आहे, तिच्या हाती देईन. पेशंट नसताना सावकाश वाच.

घरी तसं बरं आहे. भात झोडून झालं. तुझ्या खोलीची कौलं परतून घेतली, आता गळणार नाही. बाजारात मात्र मी हल्ली सरळ वाटेने जात नाही. स्टेशनच्या मागून वळसा घालून जाते, कारण सरळ वाटेवर तुळसाचं घर लागतं.

तिचा दात गणपतीत मोडला हे तुला ठाऊकच आहे. दात म्हणजे वरची कॅप आणि हाडातला स्क्रू यांच्यामधला तो जोड. काही कठीण चावत नव्हती, उसळ-भात जेवत होती. कॅप तिने धुऊन प्लास्टिकच्या पुडीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन आली. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. कारण 'माझ्या चेडवाकडे, भार्गवीकडे ये, फिक्स दात बसवून देईल, परवडेल असे' हे तिला मीच सांगितलं होतं. तिलाच का, या पंचक्रोशीतल्या एकतीस जणांना मीच सांगितलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं त्याचा तेवढा उपयोग झाला. बाईंनी सांगितलं म्हणून लोक आले.

तेव्हापासून दर गुरुवारी ती येते. पायरीवर बसते, पदर तोंडावर धरते आणि विचारते, "बाईनू, जोड इलो?" मी सांगते, यायचाय, पुण्याहून निघालाय. आठ गुरुवार झाले. परीक्षेत कॉपी केली म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे, भार्गवी. आणि आता दर गुरुवारी मीच पायरीवर उभी राहून खोटं बोलते.

तुझा हेतू मला कोणी सांगायला नको. बाबांना कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फिक्स दातांचा आकडा सांगितला तेव्हा तू त्यांच्या शेजारी बसली होतीस, डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. 'एवढ्यात माझ्या अख्ख्या बागेक दगडाचो गडगो होयत,' म्हणून ते हसले आणि उठले. नंतर स्वस्तात करून घेतलेली कवळी त्यांना कधी नीट बसलीच नाही. हिरड्या सोलायच्या. शेवटची चार वर्षं त्यांनी पेज आणि मऊ भातावर काढली, माशाचा तुकडा मी त्यांना कुस्करून द्यायचे. त्यांच्या दिवसकार्यानंतर तू म्हणालीस, आई, हे दात मी एक दिवस आपल्या लोकांना परवडतील असे करीन. आणि केलेस. सगळ्यांचे एक्स-रे एकाच दिवशी काढायचे, साचे स्वतः घ्यायचे, दवाखान्यात एसीसुद्धा लावायचा नाही, आणि नव्या कंपनीचे स्वस्त स्क्रू एकदम मागवायचे. दहा वर्षांची हमी होती त्यांची. सत्यवानाची बायको दात बसल्यावर पहिल्यांदा सुकट-भाकरी चावून खाताना रडली, ते मी पाहिलं आहे. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

मग श्रावणात ते पत्र आलं. माल या घरी उतरायचा म्हणून पत्रही इथेच आलं, आणि मीच ते फोडलं. कंपनी बंद झाली, यापुढे सुटे भाग मिळणार नाहीत. दोनच ओळी. तू म्हणालीस, कोणाला बोलू नकोस, बहुतेकांचे दात नीट आहेत, त्यांना उगाच कशाला घाबरवायचं? मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. गोव्याचा लॅबवाला तसाच जोड घडवून देईल, पण एकेकाचा खर्च नव्या दाताच्या घरात जाईल, हेही तूच सांगितलंस.

पण परवा तू येत्या रविवारच्या शिबिरासाठी अकरा नावं लिहून घ्यायला सांगितलीस. कपाटात सोळा स्क्रू शिल्लक आहेत, ते वापरून टाकू म्हणालीस. दुसरे घेतले तर दर दुप्पट होईल आणि कोणी येणार नाही. तुझा आवाज इतका दमलेला होता की मी हो म्हटलं. नावं लिहिली. चौथं नाव तुळसाच्या जावेचं होतं.

आज गुरुवार. तुळसा यायच्या आधी मीच तिच्याकडे गेले. ती अंगणात काजूची सुकी पानं गोळा करत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जोड येणार नाही, कंपनीच राहिली नाही, हे मला श्रावणापासून ठाऊक आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "चेडवाक म्हायत होतां?"

मी व्हय म्हटलं. तुझ्याविरुद्ध मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

तिने पानांचा ढीग पायाने कडेला सारला. मग म्हणाली, "माझ्या जावेचां नाव काढा, बाईनू." तेवढंच. मला आत या म्हणाली नाही.

घरी येऊन मी उरलेल्या दहाही जणांना फोन केले. सात जणांनी नावं काढली. दोघांनी विचार करतो म्हटलं. आणि सत्यवान काय म्हणाला ऐक. "बाईनू, माका बसवूक व्हयोच. दुसरीकडचो माका परवडणा नाय. मोडलो तर मोडलो, तवसर तरी चावन खायन." त्याचं नाव मी यादीत तसंच ठेवलं. तू श्रावणापासून या एकाच प्रश्नात अडकून बसली आहेस, हे मला त्या क्षणी कळलं. कळायला उशीर झाला, माझं चुकलं.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते सांगते. रविवारी दहा वाजता शिबिर नाही. मी त्या एकतीस जणांना घरी बोलावलं आहे, पडवीत सतरंज्या घालणार आहे. त्यांच्या तोंडात काय आहे आणि ते मोडलं तर काय होईल, हे त्यांना कळायला हवं. सत्यवानाला बसवायचा की नाही तेही तिथेच, सगळं ऐकवून, त्याच्याशी ठरव. तुळसाचा जोड मात्र गोव्याहून आणायचाच, त्याच्या पैशांचं मी बघते. तू आली नाहीस तर मी माझ्यापरीने सांगेन, पण मला स्क्रूतलं काय कळतं? लोक रागावतील, कोणी वाईटसाईट बोलेल. तुझी खुर्ची मी माझ्या खुर्चीला लावून ठेवते आहे. साडेनऊपर्यंत ये. न्याहारी करूनच बसू.

तुझीच,
आई