साडेसहाशे शब्दांत बसणारं दुःख

तीर्थस्वरूप वर्नाताईस, धाकट्या आर्विडचा नमस्कार.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. उत्तराला डिसेंबर उजाडला, राग मानू नकोस. गुडघे काय म्हणतात? ॲरिझोनाच्या उन्हाने सांधे मोकळे होतात असं तू लिहिलं होतंस. इकडे मिनेसोटात गेल्या आठवड्यात माझ्या मोटारीचं दारसुद्धा मोकळं होईना. बाकी मी ठणठणीत आहे. दारापुढचा बर्फ स्वतः ओढतो, दोन्ही वेळा जेवतो. माझी लोरेन गेल्यापासून घर तिने ठेवलं होतं तसंच ठेवलंय (पडदे सोडून. ते मी धुतले आणि आखडले, आता खिडकीच्या निम्म्यावर येऊन थांबतात). माणसांची ये-जा असते. करमत नाही असं मुळीच नाही.

माणसांची म्हणजे समोरच्या रासमुसेनांच्या ॲनिकाची. ती दर बुधवारी हॉटडिश घेऊन येते, तेच आपलं खिमा-बटाट्याचं, ओव्हनमध्ये भांड्यासकट भाजलेलं. लोरेनच्या अंत्यविधीनंतर सगळ्या गावाने हॉटडिश आणून दिलं होतं, तुला आठवत असेल, फ्रीजचं दार लागत नव्हतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. मी शहाण्यासारखं एकेक भांडं धुऊन परत करत गेलो आणि त्याबरोबर माणसं यायची थांबली. तेवढ्यात मला अक्कल आली. शेवटचं उरलेलं रासमुसेनांचं भांडं मी ठेवून घेतलं. भांडं न्यायला कोणीतरी येतंच, आणि येताना आपल्याकडच्या बायका रिकाम्या हाताने पोरीला पाठवत नाहीत. असे बुधवार मी दोन वर्षं चालवले. तुझा भाऊ अगदीच बावळट नाही.

तर मुद्दा ॲनिकाच्या निबंधाचा. आपल्या वेळी कॉलेजात जायचं तर मार्क आणि पाद्रीबाबांची चिठ्ठी पुरायची. आता पोरांकडून साडेसहाशे शब्दांत आयुष्य मागतात, आणि त्या आयुष्यात एखादं दुःख असावं लागतं, पोराने त्यावर मात केलेली असावी लागते. ॲनिकाची पंचाईत अशी की तिला दुःखच नाही. आईबाप एकत्र आहेत, दात सरळ आहेत, चौदा वर्षांचा कुत्रासुद्धा जिवंत आहे. तिची आई कॉलीन ऑक्टोबरात तिला घेऊन माझ्याकडे आली, कारण गावाच्या साप्ताहिकात मी तीस वर्षं मृत्युलेख लिहिले आणि माणसाचं आयुष्य एका रकान्यात बसवणारा दुसरा कोणी उरलेला नाही. (उरले होते त्यांचेही मीच लिहिले.) व्हॉलीबॉल खेळताना गुडघा दुखावला, त्यावर पहिला निबंध झाला होता. शाळेतल्या सल्लागार बाईंनी सांगितलं की यंदा राज्यातला निम्मा वर्ग गुडघ्यावरच लिहितोय. मग कॉलीनने वळून सासूकडे पाहिलं. ग्लॅडिसआजीही आली होती, ती कुठे गर्दी दिसली की येतेच.

"माझ्याकडे बघू नकोस," ग्लॅडिस म्हणाली. "साखर थोडी वाढलीय, तेवढी हवी तर लिहा. मरायबिरायचं मात्र वसंतात बोलिंगच्या स्पर्धा झाल्यावर."

मी त्या सगळ्यांना घरी पाठवलं आणि ॲनिकाला बसवून माझं शास्त्र सांगितलं. ते तुलाही सांगतो, फुकट आहे. 'ते प्रेमळ होते' असं लिहिलेला मृत्युलेख कोणी वाचत नाही. 'ते शेजाऱ्याच्या दारचा बर्फ काढायचे आणि मी नाही काढला म्हणायचे' असं लिहिलं, तर लोक कात्रण कापून पाकिटात ठेवतात. मोठं दुःख शोधू नकोस, म्हटलं, तू डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लहानसं लिही. मोठे शब्द खोड. शेवटी तात्पर्य दिसलं तर तेही खोड. आणि सर्वांत महत्त्वाचं, छापण्याआधी सगळी माहिती घरच्यांना वाचून दाखव. तारीख चुकली, नाव चुकलं, तर मेलेला माणूस तक्रार करत नाही पण त्याची बहीण करते.

पुढल्या बुधवारी ती आली, हॉटडिश ओट्यावर ठेवलं आणि कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"मिस्टर हालवर्सन, मी वाचते. काही चुकलं असेल तर सांगा."

"घरच्यांना वाचून दाखवायचं असतं, पोरी."

"तेच करतेय," ती म्हणाली.

ताई, निबंध माझ्यावर होता. नाव नव्हतं, 'समोरच्या घरातले एक गृहस्थ' असं होतं. गृहस्थ टेबलावर एकटेच पत्ते मांडतात, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात आणि समोरचा जिंकला की चिडतात. वाचून ती थांबली. मी म्हटलं, बरोबर. (चिडतो, कारण समोरचा लबाडी करतो.) पोस्टात जाताना ते स्वयंपाकघरातला रेडिओ चालू ठेवतात, म्हणजे परत आल्यावर घरात कोणीतरी बोलत असतं. बरोबर. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीने टपालपेटी उडवून नेल्याची गोष्ट ते प्रत्येक बुधवारी सांगतात आणि मी प्रत्येक वेळी 'मग काय झालं?' विचारते. इथे मी जरा अडखळलो. मला खरंच वाटत होतं की पोरगी विसराळू आहे. तिने पुढे वाचलं, ते आमचं भांडं मुद्दाम परत देत नाहीत, हे आईला पहिल्या महिन्यातच कळलं, म्हणून तिने तशीच आणखी दोन आणून ठेवलीत. मी बरोबर म्हणालो, म्हणजे म्हणावंच लागलं. दोन वर्षं मी त्यांना फसवत होतो आणि ती माणसं शांतपणे फसत होती.

मग तिने वाचलं की कॉफीसाठी ते अजून दोन कप काढतात, कारण बायको गेल्याचं ते विसरतात.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "विसरून नाही काढत. माहीत असून काढतो."

तिने वाक्य खोडलं, मी सांगितलं तसं लिहिलं. तात्पर्य कुठेच नव्हतं. निबंध गृहस्थ दाराशी उभे राहून तिला रस्ता ओलांडताना बघतात तिथे संपत होता, आणि तीस वर्षांत मी इतका चांगला मृत्युलेख लिहिला नाही. मी अजून जिवंत आहे, एवढीच त्यात त्रुटी.

"पाठवू?" तिने विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर गुडघ्याचा पाठवते. मला खरंच चालेल."

आता तुला खरं सांगतो, ताई. तिला हवं असलेलं कॉलेज मेन राज्यात आहे, निम्मा देश ओलांडून पार समुद्राकाठी. गुडघ्यावरचा निबंध गेला असता तर पोरगी इथल्याच कॉलेजात राहिली असती आणि दर बुधवारी हॉटडिश येत राहिलं असतं. निदान चार गोड विशेषणं घुसव म्हणायला तोंड उघडलं होतं. एका 'हृदयस्पर्शी'ने निबंध आपटला असता आणि माझं काम झालं असतं. पण तिने लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिने स्वतः पाहिलं होतं. इतकं नीट मला लोरेननंतर कोणी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, हाच पाठव, आणि स्वल्पविराम तेवढे दोन कमी कर.

गेल्या बुधवारी ती हॉटडिश न घेता, डोक्यावर टोपीही न घालता धावत आली. मेनवाल्यांनी घेतली तिला. माझ्या गळ्यात पडली, मीही तिची पाठ थोपटली, आणि निबंधापेक्षा तुझे मार्क चांगले होते असं काहीतरी बोललो. ती गेल्यावर मी रिकामा ओटा पुसला. ऑगस्टमध्ये ती जाईल. आनंद झालाय, खोटं नाही बोलत. पण मला फार एकटं वाटतंय, ताई. हे लिहायला एवढी पानं लागली. साप्ताहिकात असतो तर पहिल्याच वाक्यात घे म्हणून मीच कोणाला दटावलं असतं.

गुडघ्यांना जप. उन्हात टोपी घालत जा.

तुझा,
आर्विड

ता. क. ग्लॅडिस तुला नमस्कार सांगते. आपल्यावर कोणीच निबंध लिहिला नाही म्हणून ती रुसली आहे. तिचा मृत्युलेख तरी तिला आधी दाखवावा अशी मागणी आहे. मी हो म्हटलंय.

ता. क. दुसरं. पडद्यांसाठी कापड पाठवायची गरज नाही. निम्म्या खिडकीतून रस्ता चांगला दिसतो.

ता. क. शेवटचं. निबंधात आणखी एक वाक्य होतं, ते वर लिहायचं मी टाळलं. 'त्यांना आता आपलं असं कोणी नाही.' हे वाचून ॲनिका नेहमीसारखी थांबली, आणि मी म्हणालो, बरोबर. चुकीची माहिती मी आयुष्यात कधी पुढे जाऊ दिली नव्हती. पण तेव्हा मला ती चुकीची आहे असं छातीठोकपणे सांगता येईना, आपण शेवटचं कधी बोललो तेच आठवेना. आता निबंध गेला. आमच्या साप्ताहिकाचा नियम असा होता की दुरुस्ती हवी असेल तर घरच्याच कोणीतरी फोन करून सांगायचं. माझा नंबर तोच आहे. संध्याकाळी मी घरीच असतो.