भुरी नव्हती

नागभीड, १२ ऑगस्ट २०२५

चि. दिव्यानीले आजीचे लय आशीर्वाद. वि. वि.

फोनात मले ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. खुशखबर आहे. तू ठेवून गेली ते वेल मी बरी केली. दोन सोडून साऱ्या पानावर चांदीवाणी भुरी होती. मिरचीवर हा रोग असाच येते, एक पान सोडलं तर सारी वाडी जाते. एकेक तोडून चुलीत घातलं, दोनच हिरवी ठेवली. फुलाचे वाळके खुंटबी मोडले, मोगऱ्याचे मोडतो तसे. आता नुसत्या दोऱ्या लोंबतात, पण साफ! त्याच जाळावर चहा ठेवला, शेजारच्या इंदुताईले पाजला. तिनं लय तारीफ केली.

जेवत जा. माया आहेच.
तुही आजी

नागपूर, २० ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

ती भुरी नव्हती गं. त्या वेलीला ‘होया’ म्हणतात, तिची पानं मुळातच चंदेरी असतात. वेल आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या सुगंधाबाई मॅडमची आहे. एकदाच फुलली, तेव्हा त्या दवाखान्यात होत्या, फूल पाहायचं राहिलं. फूल पाहिल्याशिवाय जात नक्की सांगता येत नाही, आणि फूल त्याच जुन्या खुंटावर येतं. दिवाळीनंतर त्या मुलाकडे कायमच्या जाणार. मी सांगून ठेवायला हवं होतं. रागावलेली नाही. पाणी बेताचं घाल, उजेडात ठेव.

लोभ कमी करू नकोस.
दिव्यानी

नागभीड, ९ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यानीले आशीर्वाद. वि. वि.

अक्षर लावून लावून वाचलं. ‘रागावलेली नाही’ तीनदा वाचलं. रागावली असती तर बरं होतं बाई. चहा ठेवला की मले तेच पानं दिसतात. इंदुताई अजून त्या चहाची तारीफ करते, मी मान खाली घालून ऐकतो.

एक खुंट मोडला नव्हता. आली तवा वेल देखणी वाटली, म्हणून मी त्याले नजरेचा काळा धागा बांधला होता. बांधलेला धागा तोडू नाई, म्हणून खुंट वाचला. आता त्यावर मोहरीएवढ्या कळ्या आहेत. नवं पान आलं, त्यावरबी तसेच चांदीवाणी ठिपके. सवयीनं बोट पुढं जाते, म्हणून हात पाठीमागं धरून पाहतो.

मॅडमले म्हणजो, जायच्या आधी नागभीडले या. पानं कोणं जाळली ते मीच सांगीन. तू मधात बोलू नको.

माया त्या खुंटावाणी राहू दे.
आजी