मामांच्या कोटाला उशीर का झाला

ती. मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पत्रातून ठेवलं की मामीचा धपाटा चुकतो). गुडघा कसा आहे? मामीचं डोकं उठायचं थांबलं का? म्हणजे माझ्यामुळे उठतं ते. बुधवारी तुमचा निरोप समारंभ आहे आणि त्याआधी कोट हातात पडलाच पाहिजे, हे तुम्ही खाली रेघ मारून लिहिलेलं वाचलं. लग्नात तुम्ही घातलेला कोट मागून आणलेला होता आणि जेवणं उरकायच्या आत त्याचा मालक तो न्यायला आला, हे मामी येईल त्याला सांगते. तेव्हा नोकरीच्या शेवटच्या दिवशी तरी स्वतःचा कोट अंगात असावा, हे मला समजतं. कोटाकडे येतोच. पण त्याआधी मी लेखक कसा झालो ते सांगायला हवं, नाहीतर कोटाचं नीट कळणार नाही.

सायकलच्या दुकानातून मी निघालो ते तुम्हाला माहीत आहेच (मालकाचं म्हणणं होतं की मी चाकापेक्षा गिऱ्हाइकाशी जास्त वेळ बोलतो). त्यानंतर काही दिवस पाट्या रंगवल्या. त्यात एका दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर मी जागा उरली म्हणून एक हसरा माणूस काढला. पण त्याला दात काढायचे राहिले, आणि ते डॉक्टर फारच चिडके निघाले. असो. मग या शिंप्याकडे लागलो. यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी मला काज-बटणाला बसवलं. मी एका शर्टाला दोन्ही बाजूंना काजं केली आणि बटणं उरली म्हणून प्रामाणिकपणे परत दिली. मास्तरांनी शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला उचलून गल्ल्याजवळ बसवलं.

मास्तरांचा स्वभाव असा की त्यांना नाही म्हणता येत नाही. जो येईल त्याचं कापड घेतात आणि प्रत्येकाला गुरुवार सांगतात. त्यामुळे गुरुवारी सगळं गाव दुकानात असतं आणि मास्तर मागच्या खोलीत. पुढे मी. पहिल्या गुरुवारी मी खरं तेच सांगितलं, की तुमच्या कापडाला अजून कात्रीच लागलेली नाही. मामा, माणसं इतकी वाईट बोलतात हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मशीनचा पट्टा तुटला म्हणालो, तर एकजण पट्टा बघायलाच आत शिरला. तेव्हा मला कळलं की लहान खोटं कोणी घेत नाही, मोठं घेतात, आणि त्यात दोन-चार माणसं घातली की पिशवी खाली ठेवून ऐकतात.

मग मी आमच्या कापड बेतणाऱ्या कटिंगवाल्याला एक मेव्हणा दिला. (आमच्याकडे कटिंगवालाही नाही, मास्तर एकटेच आहेत.) हा मेव्हणा बायकोशी भांडून गच्चीवर जाऊन बसलेला, खाली यायला तयार नाही, आणि कटिंगवाला त्याची समजूत काढायला गेलेला. कोपऱ्यावरचे औषधवाले आपल्या पँटसाठी आले होते, ते हे ऐकून गुपचूप घरी गेले. पुढच्या गुरुवारी आल्या आल्या त्यांनी विचारलं, उतरला का? मी म्हणालो, अर्धा जिना. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मेव्हण्यासाठी झोपेच्या गोळ्या आणल्या. अशात मास्तरांच्या हातून चुकून ती पँट शिवून झाली. मी ती त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांचा चेहरा पडला. घडी न उघडताच ते म्हणाले, “पँटचं राहू दे रे. त्या बायकोचं काय झालं ते सांग.”

हे ऐकत मागे एक गृहस्थ उभे होते, ते इथल्या लेखक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या जाकिटाचे कितीतरी गुरुवार होऊन गेले होते. त्यांनी मला रविवारच्या बैठकीला बोलावलं. विषय होता, मी लिहू कसा लागलो. मी गेलो. एकाला वाळलेलं पान पाहून लिहावंसं वाटलं होतं. दुसऱ्यांना लहानपणी फार दुःख झालं होतं. कसलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण त्याच्यावर चार पुस्तकं झाली होती. एक बाई म्हणाल्या, मी लिहीतच नाही, माझ्याकडून लिहिलं जातं. (त्यांच्या शेजारी बसलेल्या बहिणीने हळूच जांभई दिली.) माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, लोकांच्या पँटी शिवून झाल्या नव्हत्या म्हणून. मला वाटलं, आता उचलून बाहेर टाकतात. पण अध्यक्ष उठले आणि म्हणाले की न शिवलेली पँट म्हणजे मानवी जीवनाचं अपुरेपण. मग ज्या टाळ्या पडल्या! वाळलेल्या पानवाल्यांनी तर मला मिठीच मारली, आणि चांगली कडकडून मारली.

तर असा मी लेखक झालो. तुमच्या कोटाचं कापड उत्तम आहे, शिवणही सुरेख आहे, मास्तरांनी जीव ओतलाय. थोडा उशीर होईल इतकंच. मामीला नमस्कार सांगा, तिचा मूड बघून. राग नसावा, लोभ जमेल तेवढा असावा.

तुमचा भाचा

ता. क. एक राहिलं. कोट खरं तर मागच्या आठवड्यातच तयार झाला होता. तुमचा आहे म्हणून मी मास्तरांच्या मागेच लागलो होतो. पण त्या बैठकीला घालून जाण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. वर ती मिठी लिहिली आहे ना, तिच्यात तो काखेपासून खिशापर्यंत फाटला.

ता. क. दोन. मी कोट घेऊन मास्तरांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, गुरुवारी नक्की. मी म्हणालो, मास्तर, समारंभ बुधवारी आहे. तर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि या रंगाचा दोरा का मिळत नाही ते सांगायला घेतलं. दोरेवाल्याची मुलगी पळून गेली आहे, मामा. इतकं रंगलं, की कोटाचं विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा साहेबांना सांगून समारंभ शुक्रवारी करता येतो का ते बघा. (कुठल्या शुक्रवारी, ते मास्तर बोलले नाहीत.)

ता. क. तीन. नाहीच जमलं तर शर्टावर जा. बोलायला उभे राहिलात की सगळे शर्टाकडे बघतील. शिंप्याने दिला नाही, असं मुळीच सांगू नका, ते कोणालाही खरं वाटत नाही. काहीतरी मोठं सांगा, दोन-चार माणसं घाला. शर्ट विसरून सगळी कचेरी ऐकत बसेल, आणि घरी गेल्यावर तुम्हालाच ते लिहून काढावंसं वाटेल. मामीला मात्र खरं काय ते सांगावं लागेल. ते तेवढं तुम्हीच सांगा.