दहाच्या खालचा आकडा

सोमवार, ४ मार्च
जमलं! बंदरावरच्या क्रेनला आजवर दोन सूत्रं लागायची. पहिलं दोराच्या ताणाचं रीडिंग घेणार, त्यातून चार वजा करून वर्गमूळ काढणार. दुसरं त्या उत्तराचा वर्ग करून दहा मिळवणार — इतके टन उचला. वर्गमूळ काढायचं आणि लगेच वर्ग करायचा? कशाला तो द्राविडी प्राणायाम! मी काटछाट केली. रीडिंग अधिक सहा, बस्स. वीस रीडिंगं तपासली, उत्तरं तीच. मधूनच लाल दिवा लागून क्रेन अडायची, तेही गेलं. साहेब म्हणाले, "शाबास!"

बुधवार, ६ मार्च
क्रेन चालवतो तो माझा दादाच. स्वारी खूश. "दोन दिवसांत एकदाही लाल दिवा नाही गं!"

गुरुवार, ७ मार्च
जेवताना दादा सहज म्हणाला, "आज नऊ टन दाखवत होतं. दिवा हिरवा. उचलले."

नऊ? वर्ग शून्याच्या खाली जात नाही. त्यात दहा मिळवले की कमीत कमी दहा. जुन्या सूत्रांतून नऊ बाहेर पडणं शक्यच नव्हतं! म्हणजे रीडिंग होतं तीन. तीनातून चार गेले, उणे एक — त्याचं वर्गमूळ निघत नाही, म्हणून आधी लाल दिवा लागायचा. चारच्या खाली म्हणजे दोर ढिला! आधी डोमेन बघा, म्हणजे सूत्राला कोणते आकडे चालतात ते, मग काटछाट करा — हे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी पहारेकरीच कापून टाकला.

दादा ताक मागत होता. मी ताक वाढलं आणि ताटावरून उठले.

शुक्रवार, ८ मार्च
साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. नोकरी जाईल. खिडकीतून क्रेन दिसते, वर दादा बसलाय.

दुपारी — सांगून टाकलं. क्रेन थांबवली. दोर कप्पीवरून निम्मा सरकला होता! दादा खाली उतरला, सरकलेला दोर हाताने चाचपून आला. मी रडले.

शनिवार, ९ मार्च
साहेबांनी चूक पोटात घातली. मग खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "तुझं सूत्र मी सोमवारीच बाकीच्या अकरा बंदरांना पाठवलंय."

सकाळपासून फोन करतेय. दहा जणांनी क्रेन थांबवल्या. अकराव्या ठिकाणी कुणी उचलत नाही.