वजनात गेलेली शिवराई

अण्णा, तुमच्यावरचा राग आता पूर्वीसारखा येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. राग ताजा होता तेव्हा लिहिलं असतं तर तुम्ही दोन ओळी वाचून कागद बाजूला ठेवला असतात. रडगाणं ऐकायची तुम्हाला सवय नव्हती. पौडच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात जुन्या भांड्यांची मोड घेऊन येणाऱ्या बायकाही तुमच्यापुढे घासाघीस करत नसत. जुनं पातेलं हातात घ्यायचं, बुडावरून अंगठा फिरवायचा आणि एकदाच काय तो भाव सांगायचा, ही तुमची पद्धत. अण्णांनी सांगितलं म्हणजे झालं, असं अख्खी मुळशी म्हणायची. घरातसुद्धा अण्णांनी सांगितलं म्हणजे झालंच, पण तिथं त्याचं कौतुक करायला कुणी नव्हतं.

नवे पैसे आले त्या सुमारास देवीच्या पेटीतल्या जुन्या तांब्याचा लिलाव करायचं पंचांनी ठरवलं. ढब्बू पैसे, शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी म्हणजे शिवराया, लढाईच्या काळातले भोकाचे पैसे, पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेलं सगळं एकत्र साठलेलं. किंमत सांगायला अर्थातच तुम्हाला बसवलं. किंमत सांगणाऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी सवाल बोलायचा नाही, म्हणजे बोली लावायची नाही, ही गावाची रीत. आणि त्याच ढिगात आपल्या बाळाची शिवराई होती. माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हापासून किडकिडा. दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही एक चांगली शिवराई निवडून तिला भोक पाडलंत आणि काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधलीत. पुढे त्याचा ताप उतरेना तेव्हा आईनं ती काढून देवीच्या पायांशी ठेवली. बाळ गेलं. शिवराई पेटीत राहिली, आणि त्याचं नाव घरात परत कुणी काढलं नाही.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसला होतात. ताटात वाढताना ती तुमच्याकडे न बघता म्हणाली, "आपली ती शिवराई चांगल्यात ठिवा. नांद्यावरनं माझा भाऊ येनार हाय, त्यो सवाल बोलंल." तिचं गणित साधं होतं. चांगल्या अक्षराची नाणी एकेक करून विकायची होती. झिजलेली, मोडकी सगळी एका ढिगात वजनावर जाणार होती, म्हणजे तांबटाच्या भट्टीत. मामा काही आपल्या घरचा नव्हता, त्यामुळे रीतही मोडत नव्हती. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, "जशी असंल तशी ठेवीन." आईनं तो होकारच धरला. मीही धरला.

देवळात तुम्ही घोंगडीवर बसला आहात. खांबाशी बायका, त्यांत आई आणि तिला चिकटून मी. पुण्याहून जुन्या नाण्यांचा एक शौकीन आला आहे, तो तुमच्या हाताकडे टक लावून बघतो आहे. तुम्ही नाणं उजेडाकडे तिरकं धरता, अक्षर कुठवर उठतं ते पाहता, कडेवरून नख फिरवता, दगडावर टाकून आवाज ऐकता. कुणीतरी भक्तीनं चिंच लावून लख्ख केलेली एक शिवराई निघाली. शौकीन खूश झाला, पण तुम्ही तिला अर्धीच किंमत लावलीत. घासलं की वरची काळसर साय जाते आणि तिच्याबरोबर अक्षरही, असं त्याला समजावून सांगितलंत. काळं ते चांगलं, हे ऐकून बायका पदराआड हसल्या. आईसुद्धा हसली. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

मग ती आली. मी लांबून ओळखली, तर तुम्ही ओळखली नसेल कशी? तुमचा हात थांबला. पोराच्या गळ्यात आणि नंतर पेटीतच राहिलेली, बाजारात न फिरलेली, त्यामुळे अक्षर न्‌ अक्षर शाबूत. शौकीन पुढे वाकला. मामा उठून उभा राहिला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "अक्षर पुरं हाय. पन भोक पाडल्यालं हाय. वजनात." आणि ती ढिगात टाकलीत.

भोक तुम्हीच पाडलं होतंत, अण्णा.

तो ढीग पोत्यात भरून तांबटाकडे गेला. मामानं एका नाण्यापुरते पैसे आणले होते, पोत्याएवढे नव्हे. तांबटाच्या पाया पडून मागून घेतो, म्हणून तो निघालाही होता. आईनं त्याला दंडाला धरून थांबवलं. "भीक नगं. बापानं टाकली, ऱ्हाऊ दे तितंच." त्या रात्री तिनं तुम्हाला नेहमीसारखंच वाढलं. त्यानंतर कितीतरी वर्षं वाढलं. तुम्ही दोघं बोलतही होतात, मीठ संपलं, पाहुणे येणार, एवढंच.

तुमच्या वर्षश्राद्धाला पानं वाढून झाल्यावर ती चुलीपुढे बसली होती. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "त्यांचं बरुबर व्हतं. भोकाची ती वजनातच जाती. पन जल्मात एकदा चुकलं असतं, तर काय देवी कोपली असती?" मी तिच्या बाजूची आहे, हे तिला सांगायला मला जड गेलं नाही.

पण खरं सांगते. ती गोष्ट अजून लोक सांगतात. स्वतःच्या पोराची शिवराई ज्यानं वजनात टाकली, असा माणूस. आई असेपर्यंत कुणी ती काढली की मी विषय बदलायचे. आई गेल्यावर मात्र मीच सांगत सुटले. परवा नांद्याला लग्नाच्या मांडवात सांगितली. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि माझी छाती फुगली. मला तुमचा अभिमान वाटतो, अण्णा. ज्यानं तिचं मन मोडलं, त्याचाच.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी धीर झाला नसता. तुम्ही दोघं आता एकाच ठिकाणी असाल. आईला वाचता येत नव्हतं, पोरीनं काय लिहिलंय ते ती तुम्हालाच विचारेल. आणि तुम्ही एक अक्षर न गाळता तिला वाचून दाखवाल.