मुकादमाची टाकी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त टायपिस्ट, काचवाल्याची विधवा, हे मृत्युपत्र माझ्याच यंत्रावर टाइप करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीला घातलेलं नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या, मुलाला. त्याला ते विकायचं आहे. खुशाल विकावं, पण आधी समोरच्या खोलीतली माशांची टाकी हलवावी.

२. ही सहा फुटी टाकी यजमानांनी स्वतः काच कापून जोडली. ती, पंप, हीटर आणि आतली मोठ्या सिक्लिड माशांची जोडी मुलीला. नर फूटभर लांब आहे. यजमान त्याला मुकादम म्हणत, कारण सगळी टाकी तो आपल्या बापाची समजतो. त्याची जोडी जमवून पिल्लं काढायची म्हणून यजमान नऊ वर्षं खटपट करीत होते. मादी आणली की चार दिवसांत तो तिला मारून टाकायचा. अशा पाच गेल्या. यजमान मेलेली मादी बाहेर काढायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचे.

एकदा मी म्हटलं, "मधे जाळी का लावत नाही?"

"जाळी लावून कुठे संसार होतो का?" ते म्हणाले.

ते गेले तेव्हा सहावी मादी टबात होती. मी जाळी लावून तिला टाकीत सोडलं. पुढे जाळी काढायची राहूनच गेली. पाचव्या महिन्यात तिने जाळीलगतच्या फरशीच्या तुकड्यावर अंडी घातली, मुकादमाने पलीकडूनच आपलं काम केलं. पिल्लं झाली. दोघं दोन बाजूंनी राखण करीत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी थोडा वेळ पाहिलं आणि ओटा पुसायला गेले.

मुलीने जाळी काढू नये.

३. दुकानातली हत्यारं मुलाला. काच कापायचा हिरा त्यांत नाही. अंत्यविधीच्या दिवशी दिरांनी तो खिशात घातला, मी समोरच होते. आता त्यांच्याकडेच राहू द्या. मात्र तो वडिलार्जित असल्याचं ते सांगतात, ते खोटं आहे. तो माझ्या पहिल्या पगारातून आला होता.

४. बँकेतली शिल्लक दोघा मुलांना निम्मी-निम्मी.

५. यजमान टाकीसमोर पडले तेव्हा मी लगेच धावले, असं मी मुलांना सांगितलं. तसं झालं नाही. मुकादम चिडला की काचेवर धडका देई. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. मी आतून विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही, मुकादम." त्या सकाळी तसाच आवाज आला आणि मी विचारलं नाही. आदल्या दिवसापासून आमचा अबोला होता. कशावरून, ते आठवत नाही. मी भाजी चिरली, भांडी घासली. अर्ध्या तासाने बाहेर आले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा मिनिटांत कळलं असतं तर काही करता आलं असतं." मी मान हलवली.

मुलांनी यावर काय ते ठरवावं. वरील वाटणीत त्यामुळे फरक पडणार नाही.

साक्षीदार पहिल्या, तळमजल्यावरच्या शिंपीणबाई, यांनी पाचवं कलम दोनदा वाचून विचारलं, "हे ठेवायलाच हवं का?"

मी म्हटलं, "हो."

त्या म्हणाल्या, "मग पेन द्या."

सही: काचवाल्याची बायको
साक्षीदार: १. शिंपीणबाई २. डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहतं घर, समोरची खोली
तारीख: महिन्याची नऊ, शनिवार